सवतीचा टाक

लग्नाच्या पहिल्याच वर्षी, सत्त्याऐंशी साली, आम्ही दोघं तोरणमाळचा डोंगर चढलो. माझ्या गळ्यात सवतीचा, सुगंधाचा, टाक होता. मेलेल्या पहिलीची चांदीची प्रतिमा दुसरीनं गळ्यात वागवायची, ही आमच्याकडची रीत.

जंगलभर यांचं एकच. एखादा दगड दाखवून म्हणत, "सुगंधा आठेच बसनी व्हती." मी दमले तर म्हणत, "सुगंधा कधी दमनी नही."

मेली तरी पुढेच!

वर तलावाशी हे पाणी प्यायला वाकले, तेवढ्यात मी टाक तोडून पाण्यात भिरकावला.

हे तोंड पुसत उठले. "चाल, सुगंधा."

संतापानं मी मान फिरवली. पाण्यातल्या यांच्या प्रतिबिंबाशेजारी, माझ्या जागी, दुसरीच बाई उभी होती. तिच्या गळ्यात टाक होता.

मी वाकून पाहिलं. टाकावर माझा चेहरा होता.