न थकणारा सुतार

विस्कॉन्सिनमधल्या त्या ओकच्या राईत सुतारपक्ष्यांची मोजणी करायची म्हणजे आधी यंत्रसुतार बंद करावे लागत, नाहीतर त्यांचेच ठोके मोजले जायचे. लाल डोक्याचे सुतारपक्षी पन्नास वर्षं घटतच चालले होते. उरलेसुरले राई सोडून जाऊ नयेत म्हणून इरावतीनेच ही पक्ष्याच्या आकाराची, चोचीने ठोके देणारी यंत्रं मोठ्या हौसेने बनवली होती. तरी पक्षी घटतच राहिले, उलट जास्त वेगाने.

तिने बटण दाबलं. राई गप्प झाली. एका वाळक्या ओकवर खरा नर तेवढा ठोकत होता.

"ताई, हा एकटाच राहिलाय," तिचा मदतनीस विश्राम म्हणाला. "मादी कुठाय?"

आजवर मोजणी व्हायची ती ठोक्यांची, म्हणजे नरांची. माद्या काय करतात, हे कुणी बघितलंच नव्हतं.

मादी समोरच्या झाडावर होती, बंद यंत्राला खेटून. यंत्राच्या चोचीपुढे तिने किडा धरला होता. नर ठोकून ठोकून दमला, थांबला. तिने तिकडे मानही वळवली नाही.

"खरा दमतो हो," विश्राम पुटपुटला. "आपल्या ह्याला दम लागतच नाही. कोणाकडे जाईल ती?"

"सगळी कायमची बंद ठेवू," इरावती म्हणाली.

तेवढ्यात नर उडाला आणि माळापलीकडे दिसेनासा झाला. मादी यंत्रावर चोच आपटू लागली. थांबून कानोसा घ्यायची, पुन्हा आपटायची.

"ताई, बघवत नाही."

इरावतीने बटण दाबलं. ठोके सुरू झाले, आणि मादी पिसं फुलवून निवांत यंत्राला टेकली.