आपली मुलगी

बॉनमधल्या सभागृहाच्या दारातच मराठी मंडळाच्या सुनेत्राकाकूंनी क्षमाला मिठी मारली. इस्रायलमधल्या ज्यू आणि अरब नागरिकांच्या समानतेवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांचं बक्षीस यंदा आपल्या मराठी मुलीला मिळतंय, म्हणून काकू अख्खं मंडळ घेऊन आल्या होत्या. शनिवारी क्षमाला होस्टेल सोडायचं होतं आणि काकूंनी फोनवर शब्द दिला होता, "वरची खोली तुझीच समज."

"तुझं आडनाव विचारायचं राहूनच गेलं बघ," काकू लाडात म्हणाल्या.

"गजभिये."

काकूंचा हात तिच्या खांद्यावरून खाली आला. "अगं बाई, सांगायचं विसरलेच! ह्यांचा पुतण्या येतोय स्टुटगार्टहून, खोली त्याला लागणार. मनाला लावून घेऊ नकोस हं."

क्षमा स्टेजवर गेली. काकू पहिल्या रांगेत बसल्या आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय जातंय!

परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या पाहणीतल्या अरब विद्यार्थ्यांनी भाड्याच्या घरासाठी फोन केला, तेव्हा त्यांचं नाव ऐकून घरमालकांनी सगळ्यांत जास्त वेळा कोणतं कारण दिलं?"

"आमचे नातेवाईक राहायला येणार आहेत," क्षमाने जर्मनमध्ये सांगितलं.



मग पहिल्या रांगेकडे बघत तिने तेच मराठीत सांगितलं, "ह्यांचा पुतण्या येतोय."