तिसरी पिन

"अध्यक्षीय भाषण संपेपर्यंत ध्वनियंत्रणा निर्दोष होती. त्यानंतरचा अपघात ध्वनिसंचालिकेचा अननुभव आणि गायिकेने अनवाणी उभे राहणे, या दोन कारणांमुळे घडला." करडीच्या लोककला महोत्सव समितीचे सचिव सेवकराम यांनी अहवालातले हे निष्कर्षाचे वाक्य उभ्याने वाचले आणि निसर्गनियम सांगून झाल्याच्या समाधानाने ते खाली बसले.

वाक्य सुघड होते. दोन कारणे, दोन्ही बायका. निर्दोष तेवढे भाषण. मात्र भाषण संपताच तोच माईक गायिका पार्वताबाईंच्या हाती गेला होता. त्या मधल्या क्षणात यंत्रणेला कोणीही हात लावला नव्हता. मग भाषणापर्यंत जो दोष नव्हता, तो टाळ्यांच्या कडकडाटात जन्माला आला असे मानावे लागत होते. समितीने ते आनंदाने मानले होते.

ध्वनिसंचालिका तृप्ती समोरच बसली होती. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतल्यावर तिने स्वतःचा छोटा मिक्सर विकत घेतला होता आणि गावोगावच्या मंचांचा आवाज ती सांभाळत होती. तिने आज सर्वांदेखत माफी मागावी, असा ठराव होता. ती मागितली की चूक तिची ठरणार होती आणि तालुक्यात तिला पुन्हा कोणी मंच देणार नव्हते. आसगावच्या पार्वताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. माईक धरलेल्या हाताला अजून पट्टी होती.

"पोरीच्या हाती बटनं देल्ली तं असंच होते," सेवकराम पुटपुटले.

"बटनाले पोरगी समजत नाही न पोरगाही समजत नाही, काका," तृप्ती म्हणाली. "माफी मागीन मी. पहिले माही चूक कोणती, थे तं सांगा."

मग तिनेच महोत्सवाच्या दिवशीचे सकाळपासूनचे काम सांगितले. मिक्सरच्या सगळ्या सरकत्या पट्ट्या खाली. मग मिक्सर चालू. अँप्लिफायर सर्वांत शेवटी. एकेक आवाज लाल दिवा लागणार नाही इतकाच वर. तरीही स्पीकरमधून बारीक भणभण येत होती. कारण तिने ओळखले होते: प्रोजेक्टर दुसऱ्या बोर्डावर होता, आणि दोन बोर्डांच्या जमिनीला जोडणाऱ्या तारा एकमेकींत गुंतल्या की अशी भणभण होते. सभागृहाच्या मागच्या टोकाला, मिक्सरपाशी उभी राहून तिने मंचाकडे ओरडून सांगितले होते, "सर, प्रोजेक्टरचा प्लग अँप्लिफायरच्याच बोर्डात लावा, भणभण जाते!" मंचावर अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक धनंजय सर होते. थोड्याच वेळात भणभण गेली. आपले ऐकले गेले, असे तिला वाटले.

तिचा अननुभव असलाच, तर तो एवढाच. जिल्ह्याची वाटणी झाली, पण समितीचे अध्यक्षपद सरांकडेच अविभक्त राहिले. आणि त्या पदाने कोणाचे ऐकल्याचे उदाहरण आजवर नव्हते.

तृप्तीने पिशवीतून अँप्लिफायरचा मंचामागचा प्लग काढला आणि टेबलावर ठेवला. तीन पिनांपैकी जाड पिन मुळापासून मोडलेली होती. जुना अँप्लिफायर थोडी वीज आपल्या बाहेरच्या पत्र्यावर सोडत असे. तीच पिन ती वीज जमिनीत नेत होती. पिन गेली, तशी भणभण गेली, पण वीजही तिथेच थांबली: अँप्लिफायरवर, मिक्सरवर, माईकच्या पत्र्यावर. तिला जमिनीकडे जायला फक्त एक वाट हवी होती. पार्वताबाईंनी इथल्या प्रत्येक कलावंताप्रमाणे चपला खाली काढल्या, मंचाला हात लावून कपाळाशी नेला आणि नुकत्याच धुतलेल्या फरशीवर त्या गायला उभ्या राहिल्या. पहिली ओळ पुरी झाली नाही.

"हे कोणं मोडली?" तृप्तीने विचारले.

धनंजय सरांनी चष्मा पुसला. संकोचाचा लवलेश नव्हता.

"मी मोडली. पकडीनं. भणभणीत का भाषण द्याचं? तू सांगतली तशी गेली न भणभण? गावातले अर्धे प्लग असेच आहेत. अन् मी थोच माईक घेऊन एवढा वेळ बोललो, मले काही झालं?"

माना डोलू लागल्या. युक्तिवाद बिनतोड होता. ज्याने धोका निर्माण केला, तोच त्या धोक्यात आधी उभा राहिला होता. त्याला बिचाऱ्याला ठाऊक नव्हते, एवढेच. अज्ञान हा आपल्याकडे गुन्हा नसतो, निवृत्त मुख्याध्यापकाचे तर मुळीच नसतो. सरांच्या पायांत त्या दिवशी चामडी बूट होते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. सेवकराम तृप्तीकडे वळले. "चाल बाई, घे उरकून."

तृप्ती उठली नाही. बोलल्या त्या पार्वताबाई.

"सर, तुमी शिकलेले मानूस. माईकात करंट होता तं तुमालेही थोडा लागलाच असन. मंग माह्या हाती देताना काहून नाही बोलले जी?"

धनंजय सर चिडले. अडाणी प्रश्नाने ते नेहमीच चिडत. उत्तर मात्र त्यांनी वर्गात द्यावे तसे, सावकाश आणि स्पष्ट दिले. सेवकराम अध्यक्षांचा एकही शब्द गाळत नसत, त्यामुळे समितीच्या इतिवृत्तात ते जसेच्या तसे आहे:

"लागला न! पहिल्याच वाक्याले हात झिणझिणला, म्हणून मी रुमालात माईक धरून बोललो. तुह्या लुगड्याले का पदर नव्हता?"