रेझरची डबी

सत्काराला न्यायला गाडी येणार म्हणून दामोदर मास्तरांनी घाईने रेझरची पितळी डबी उघडली. आतला रेझर तांबड्या गंजाने माखला होता.

रेझर धुऊन, पुसून, कोरडा करून डबीत ठेवायचं काम एकतीस वर्षं त्यांच्या बायकोचं, अनसूयेचं होतं. डबीत थेंबभर पाणी दिसलं, तरी मास्तर ती तिच्या अंगावर फेकायचे. निवृत्तीनंतर ते फक्त रविवारी दाढी करत. गेल्या रविवारी अनसूयेने रेझर मिठाच्या पाण्यात बुडवून तसाच ओला डबीत बंद केला होता.

"हे काय केलंस?" मास्तरांनी हात उगारला.

"मुद्दाम केलं," म्हणत अनसूयेने तो मनगटाशी धरला. मनगट किती बारीक झालं होतं! याला आपण इतकी वर्षं भ्यालो? तिने पकड आवळली. मास्तर कळवळले.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. न्यायला आलेली माणसं बोलत जिना चढू लागली.

"सोड," मास्तर म्हणाले.

"सोडा म्हणा."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. "सोडा," ते पुटपुटले.

"मोठ्याने," अनसूया म्हणाली.