केसरीनाथचं यंत्र

माझा केसरीनाथ अमेरिकेत, आभाळात जाणाऱ्या दुर्बिणीसाठी यंत्र बनवत होता. ताऱ्यांकडून येणारे एक्स-रे कुठल्या अंगानं थरथरतात, ते म्हणे त्यावर मोजता येतं. सत्याहत्तर साली त्याचा बाप गेला, तेव्हा त्याची तार आली: यंत्र दुर्बिणीत बसवायचं काम चालू आहे, दहाव्याला येता येत नाही. त्याच्या जागी पुतण्यानं डोकं भादरलं. शेजारच्या धोंडूबाईनं सगळ्या अंजूर गावासमोर टोमणा मारला, तर मी तिला तिथंच झाडली, "तुझी पोरं भिवंडीच्या लूमपलीकडं गेली न्हायत. माझ्या पोराच्या यंत्रावाचून दुर्बीण आंधळी हाय!"

दुर्बीण वर गेली, मग केसरीनाथ घरी आला. मी धोंडूबाईला मुद्दाम हाक मारून अंगणात बसवली. "सांग हिला, तुझं यंत्र आता आभाळात कुठं फिरतंय?"

तो खाली बघत बोलला, "आये, ते वर गेलंच न्हाय. दुर्बिणीचं वजन जास्त झालं, म्हणून माझं यंत्र काढून टाकलं."

"कंच्या मेल्यानं काढलं? आन् कधी?"



"बाबा आजारी पडले, त्याच्याही आधी."