डोक्यातलं काम

"आल्या बघा कादंबरीकार!" अश्लेषा ऑफिसात शिरली की उपेंद्र म्हणायचा. सॉफ्टवेअरनं काय करायचं ते कलमवार लिहून मगच ती कोडला हात लावायची. उपेंद्रचं बारा वर्षांचं काम डोक्यात. अडलेल्यानं त्यालाच विचारायचं. तिचे कागद वाचून नवी पोरं त्याला न विचारताच कामाला लागली, तसं त्याच्या पोटात दुखू लागलं.

कंपनीच्या जर्मनीतल्या ऑफिसात दोन वर्षांच्या जागेसाठी तिचं नाव लागलं, तेव्हा तो तडक मॅनेजरबाईंकडे गेला. "मॅडम, मी सीनियर. माझ्याइतकं इथं कुणाला येतं?"

"कुणालाच नाही. म्हणूनच तुला सोडता येत नाही. तिचं सगळं लिहिलेलं आहे. ती उद्या गेली तरी चालेल."

"मग मीही लिहून काढतो!"

"काढ की. ती दोन वर्षांनी परत येईल, तोवर होईल तुझं."