इंजिनातली काजळी

विपुलची रीतच न्यारी. टर्बो पेट्रोल इंजिनाची नवी गाडी अमरावतीत दारासमोर उभी, आणि त्याची माय गुंफाबाई दवाखान्यात जाणार ऑटोनं. जवळच्याजवळ फिरवली की या इंजिनात काजळी धरते, असं शोरूमवाल्यानं सांगितलं होतं म्हणे. तिकडे अकोल्याला गुंफाबाईची धाकटी बहीण चंदा अंथरुणाला खिळलेली. "एकदा भेटवून आन रे," असं गुंफाबाई म्हणाली की विपुलचं उत्तर ठरलेलं, "टाइम कुठी हाय, माय?"

शेवटी चंदाच्या मातीला जायला मात्र गाडी निघाली. अकोला जवळ आलं तसा विपुल शेजारी बसलेल्या बायकोला कौतुकानं सांगू लागला, "इंजिन कसं मोकळं झालं, पाह्य. दर रविवारी अकोल्यापर्यंत आनतो अन् तसाच वापस नेतो. लांब पळवली म्हनजे काजळी धरत नाही."

मागच्या सीटवर गुंफाबाईनं डोळ्याला लावलेला पदर खाली घेतला.



"माह्या मातीले गाडी काढू नोको, बापू. मसनवटी घराजवळच हाय, उगाच काजळी धरन."